हैफाला जायचं राहिलं

शुलू, तुला आधी चांगली बातमी सांगतो. तू गेल्यापासून मी अजून एकदाही पडलेलो नाही. गरगरलं, कपाळावर घाम आला, एकदा भिंतीला टेकून उभा राहिलो, पण पडलो नाही. तू असतीस तर डोळे मोठे करून म्हणाली असतीस, "ओर्ली, धाव, फोटो काढ, तुझा अबा सुई बघूनसुद्धा उभा आहे!" बाकी सांगण्यासारखं चांगलं फारसं नाही, म्हणून हे पहिलं सांगून टाकलं.

तू गेलीस त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. येरुहामच्या आपल्या सिनेगॉगमध्ये लोक तुझ्याबद्दल बोलले. किती गुणी, किती सोशिक, आयुष्यात कधी आवाज चढवला नाही. हे ऐकताना मी आपल्या लेकीकडे बघितलं आणि तिने माझ्याकडे. तुझा आवाज आम्हा दोघांना ठाऊक आहे, वरच्या मजल्यावरच्या मोरोक्कन शेजाऱ्यांनाही ठाऊक आहे. चार लोकांत उभं राहून सांगण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतंच. तुझं म्हणून माझ्याजवळ राहिलं आहे ते एक भांडण. मूळ ओर्ली तान्ही असतानाचं, आणि तू ते मध्येच टाकून निघून गेलीस.

आठवतं ना कसं सुरू झालं? पोर पांढरी पडत चालली होती. दूध अर्ध्यावर सोडून झोपायची. हातपाय काड्या आणि पोट मात्र टणक, फुगलेलं. माझ्या आईने निदान केलं, रक्त कमी आहे. झालं, घरात कलेजीचं सूप सुरू झालं, बीट सुरू झालं, खजूर भिजवून वाटून सुरू झाले. तू चमच्याचमच्याने भरवायचीस आणि पोर आणखी पांढरी व्हायची. शेवटी बेरशेवाच्या हॉस्पिटलात डॉक्टरांनी आपल्या दोघांचंही रक्त तपासायला घेतलं. माझं घेताना मी पहिल्यांदा पडलो. शुद्धीवर आलो तेव्हा डॉक्टर तुला समजावत होते. थॅलेसेमिया. तिच्या अंगात रक्त बनतं ते टिकत नाही, ते बाहेरून देत राहावं लागणार. आईकडून अर्धं आणि बापाकडून अर्धं आलं तरच मुलाला हा पुरा आजार होतो. मी म्हणालो, आमच्या घराण्यात असं कुणाला नव्हतं. तू म्हणालीस, "अर्धं तुमचं, अर्धं माझं. बरं झालं, भांडायला जागाच नाही." आणि मग बाहेर बाकावर बसून इतकी रडलीस, की जाणारे येणारे थांबून तुला पाणी देऊ लागले.

त्याच दिवशी परतीच्या बसची वाट बघताना मी नवस बोललो. एलियाहू हन्नाबी, माझी पोर बरी कर, हैफाच्या तुझ्या गुहेत येऊन मलिदा करीन. आपल्या मराठी ज्यू लोकांचा अडीनडीला धावून येणारा प्रेषित तोच. तुझ्या माहेरी, अलिबागजवळच्या खंडाळ्याला, खडकावर त्याच्या रथाच्या चाकांची खूण दाखवतात. इथे कार्मेल डोंगराच्या पायथ्याला त्याची गुहा आहे. पोहे भिजवायचे, खोबरं, साखर, वेलची घालून मलिदा करायचा, फळं मांडायची, त्याचं नाव घ्यायचं. डोळे सुजलेले असताना तू मान वर केलीस आणि विचारलंस, "हैफाला समुद्र आहे ना हो?"

समुद्राचं तुझं वेड मला आधीच कळायला हवं होतं. मी लहानपणी आईबापांबरोबर मुंबई सोडली, मला वाळवंटाची सवय. तू लग्न करून आलीस. येरुहामला बसमधून उतरलीस, चारी बाजूंना बघितलंस आणि म्हणालीस, "आणि पाणी कुठाय?" अश्दोदला माझ्या भावाकडे गेलो की समुद्र दिसायचा, पण तो तुला पटायचा नाही. तिथे बंदर, क्रेन, बोटींचे भोंगे. तुला डोंगर आणि समुद्र शेजारीशेजारी हवे होते, तुझ्या गावासारखे. कुणीतरी तुला सांगितलं होतं की हैफा तसं आहे. मी म्हणालो, "नेतो. पोर बरी झाली की लगेच."

मग आपलं रोजचं सुरू झालं. दर तीनचार आठवड्यांनी बेरशेवाला रक्ताचा दिवस. वॉर्डातली सिस्टर झहावा, तिने तुला सगळं शिकवलं. रक्त वेळेवर द्यायचं, पोर गळून जाईपर्यंत थांबायचं नाही. नाहीतर रक्त बनवायच्या धडपडीत हाडं आतून पसरत जातात, कमजोर होतात, चेहरासुद्धा बदलतो. रक्त चढत असताना पोर कुडकुडली, अंगावर पुरळ उठलं, पाठ दुखते म्हणाली, तर लगेच हाक मारायची. आणि दर पिशवीबरोबर अंगात लोखंड साठत जातं. ते काढायला संध्याकाळी पोटाच्या कातडीखाली बारीक सुई घालायची आणि औषधाचा छोटा पंप सकाळपर्यंत चालू ठेवायचा. तुझं हिब्रू तेव्हा भाजीबाजारापुरतं, झहावाला मराठी शून्य. तुम्ही दोघी हातवारे करून बोलायचात आणि मी दाराबाहेरून भाषांतर करायचो, कारण आत आलो तर तिला दोन पेशंट सांभाळावे लागायचे. एकदा रक्ताची पिशवी टांगताना मी आडवा झालो. तेव्हापासून वॉर्डात माझ्यासाठी संत्र्याचा रस आधीच ओतून ठेवलेला असायचा.

घरी आपण वाटणी केली. यंत्र माझं, सुई तुझी. मी फॅक्टरीत मशीनवरचा माणूस. पंप अडकला तर मी उघडायचा, बॅटरी मी बदलायची, दवाखान्यातून औषध मी आणायचं. सुईच्या वेळेला मी बाहेर जिन्यात जाऊन उभा राहायचो. आतून तुझी हाक यायची, "झालं, या!" मग मी आत यायचो. पोर पोटावर पट्टी आणि कमरेला पंप लावून पुस्तक वाचत पडलेली असायची आणि तू हात धूत असायचीस. ही वाटणी तुलाही मान्य होती, खोटं सांगत नाही. उलट मी कधी दारातून डोकावलो तर तूच हाकलायचीस, "जा तुम्ही, मला पोरीला बघू दे का तुम्हाला?"

आणि सकाळचा तो तमाशा! लघवीचा रंग लालसर, कोऱ्या चहासारखा दिसला की औषध लागू पडलं, लोखंड बाहेर पडलं. तू बाथरूमच्या दारातून सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडायचीस, "निघालं!" आणि मागून ओर्ली "येश!" करायची, इथली पोरं गोल झाल्यावर करतात तसं. दुसऱ्या कुठल्या घरात या गोष्टीवरून सकाळी सकाळी असा आनंद होत असेल असं वाटत नाही. इतर आया मुलांना चहा देत नाहीत. तुझ्याकडे पोरीने जेवताना चहा प्यायला नाही तर ओरडा बसायचा, कारण चहाने अन्नातलं लोखंड अंगाला कमी लागतं. माझ्या आईचा लोखंडी तवा तू बाल्कनीत नेऊन त्यात पुदिना लावलास. कलेजी तर घराच्या दारातून आत येत नव्हती. आईने किती वेळा डबा भरून आणली, "पोरीचं रक्त वाढेल गो." तू प्रत्येक वेळी तेच सांगायचीस, "आई, रक्त कमी म्हणून लोखंड कमी असं नाही. हिच्या अंगात लोखंड जास्त झालंय." आई मान डोलवायची आणि पुढच्या आठवड्यात पुन्हा डबा.

ओर्ली चालायला लागली, पळायला लागली, शाळेत गेली. एका रक्ताच्या दिवसानंतर ती अंगणात दोरीवरच्या उड्या मारत होती, गाल लाल, आणि तू खिडकीतून बघता बघता म्हणालीस, "चला की हैफाला. नवस फेडून टाकू."

मी म्हणालो, "अजून बरी कुठे झालीय?"

"बघा ना तिच्याकडे."

"संध्याकाळी सुई आहे की नाही?"

"आहे."

"मग बरी कशी?"

तू खिडकी लावून घेतलीस. तिथून आपलं भांडण सुरू झालं, ते दर सुट्टीत, दर सणाला चालूच. तुझं म्हणणं, ही बरी होऊन मोकळी व्हायची गोष्ट नाही, रोज करत राहायची गोष्ट आहे, आणि आपण ती करतोय, पोर हसतेय, एलियाहूने आणखी काय करायचं? माझं म्हणणं, शब्द म्हणजे शब्द. बरी झाली की, असं मी बोललो होतो. अर्धवट फेडलेला नवस मला नको होता. एकदा रागाच्या भरात मी म्हणालो, "तू आशाच सोडलीस." तू भांडी घासत होतीस. वळलीसही नाहीस. म्हणालीस, "आशा सोडली असती तर रोज सुई कशाला घातली असती?" मी जिन्यात जाऊन उभा राहिलो, सुईची वेळ नसताना.

शेवटचं भांडण या उन्हाळ्यातलं. तू म्हणालीस, "नवस राहू दे बाजूला. नुसते जाऊन येऊ, डबा घेऊन. समुद्र बघू, परत येऊ." मी म्हणालो, "नवस न फेडता त्याच्या दारात जायचं? काय तोंड दाखवायचं?" तू म्हणालीस, "म्हणजे मी मेल्यावर नेणार तुम्ही मला हैफाला." आपल्याकडे बायका बस चुकली तरी मरणाची भाषा करतात. मी काय मनावर घेणार? मी पेपर वाचत राहिलो. कुठली पानं वाचली तेही आता आठवत नाही, पण पेपर खाली ठेवला नाही एवढं आठवतं.

इतकी वर्षं आपण तिच्याकडे बघत होतो, शुलू. ताप आला की पंप काढ, बॅग उचल, बेरशेवा. डॉक्टर तिच्या हृदयाची, यकृताची तपासणी करायचे तेव्हा तू ओठ चावत उभी असायचीस. तुझं हृदय कुणीच तपासलं नाही. तुला साधी सर्दी व्हायची नाही. त्या सकाळी तू बालवाडीत कामाला जायला निघालीस, पलंगावर बसून एक चप्पल घातलीस आणि दुसरी घालायला वाकलीस ती उठलीच नाहीस. ॲम्ब्युलन्स त्याच हॉस्पिटलात गेली. आपण तिघं तिथे नेहमी लिफ्टने वर, मुलांच्या वॉर्डात जायचो. त्या दिवशी खालीच राहिलो. झहावा वरून धावत आली, अंगावर ड्यूटीचे कपडे, आणि तिने आधी ओर्लीला जवळ घेतलं. मी तिथे पडायला हवं होतं. पडलो नाही. नुसता उभा राहिलो.

शोकाचे सात दिवस आम्ही जमिनीवर बसलो. झहावा रोज ड्यूटी संपवून बेरशेवाहून बसने यायची, पोरीला सुई घालायची, माझ्याशी चार शब्द बोलायची आणि परतीची बस पकडायची. शुक्रवारी पंपाला सुट्टी, तेवढाच तिचा एक दिवस वाचला. लोक जेवण घेऊन येत होते. सातव्या दिवसाच्या प्रार्थनेला ताटं मांडली, त्यात फळं, मलिदा आणि तळलेली कलेजी. माझ्या आईने पोरीचा चेहरा कुरवाळला, "किती सुकलीस गो," आणि तिच्या ताटात कलेजी वाढली. एक तुकडा, मग दुसरा. ओर्ली हळूच म्हणाली, "सावता, मला चालत नाही." आजीला तिने हिब्रूत हाक मारली होती, पण पुढचं मराठीत बोलली, तरी कुणी ऐकलं नाही. शेजारणीही म्हणाल्या, खा बेटा, आई गेली आता, अंगात रक्त नको का.

शोकात बसलेल्या माणसाने कुणासाठी उठायचं नसतं. मी उठलो. ताट उचललं आणि ओरडलो, "रक्त कमी म्हणून लोखंड कमी असं नाही! हिच्या अंगात लोखंड जास्त झालंय!" माझी आई रडायला लागली. मला माझाच आवाज ओळखू येईना. शब्द तुझे, चाल तुझी, शेवटच्या शब्दावर चढायचंही तुझंच. ओर्ली माझ्याकडे बघत होती, तुझ्याकडे बघायची तशी.

त्या संध्याकाळी निघताना झहावाने सुयांचा डबा माझ्या हातात ठेवला. "उद्यापासून तू."

मी म्हणालो, "मी पडतो."

ती म्हणाली, "मग बसून कर."

दुसऱ्या दिवशी जेवण झाल्यावर मी डबा टेबलावर ठेवून त्याच्याकडे बघत बसलो. ओर्ली बाल्कनीत गेली आणि दोन्ही बाजूंना हात असलेली खुर्ची ओढत घेऊन आली. मला त्यात बसवलं. उशी मागे. मग चहा केला, त्यात एवढी साखर की चमचा उभा राहावा.

"हे काय?"

"ईमाने सांगितलंय." आईला ती अजून हिब्रूत ईमाच म्हणते.

"कधी?"

"ती म्हणाली होती, मी इंडियाला आजीला भेटायला गेले तर अबा सुई घालेल. त्याला आधी खुर्चीत बसव, हातांच्या. चहात साखर जास्त घाल. आणि बोलत राहा. गप्प बसलीस तर तो सुईकडे बघत राहील."

शुलू, तुझी आई आजारी आहे म्हणून तू जायचं म्हणत होतीस हे मला माहीत होतं. तू गेल्यावर इथे मी सुई घालेन हे तू ठरवून टाकलं होतंस, हे मला माहीत नव्हतं. मला न सांगता, न विचारता. आणि मी हाकलल्यासारखा जिन्यात उभा राहत असताना तू आत पोरीला सांगत होतीस, बापाला कसं सांभाळायचं ते. मी चहा प्यायलो.

मग तिने मला शिकवलं. "रेगा, थांब, अबा, आधी हात धू. बोटांच्या मधे पण." औषधाची पूड पाण्यात विरघळवताना बाटली हलवायची नाही, तळहातांत नुसती फिरवायची, नाहीतर फेस होतो. नळीतली हवा काढून टाकायची. भूल देणारं मलम तिने तासभर आधीच स्वतः लावून ठेवलं होतं. "कालची जागा नको, या बाजूला." दोन पंखांची ती सुई, इथे तिला पार्पार म्हणतात, म्हणजे फुलपाखरू. कातडी चिमटीत धरून ती आत सरकवायची. ओर्ली सगळा वेळ बोलत होती. शाळेतल्या कुठल्या मुलीने कुणाला काय म्हटलं, कुत्र्याने काय खाल्लं. मला एक अक्षर कळत नव्हतं. तिच्या पोटावर जुन्या सुयांच्या बारीक गाठी होत्या. बाप असून त्या मी इतक्या जवळून पहिल्यांदा बघत होतो. तू त्या रोज बोटांनी चोळून मऊ करत होतीस, हे मला दाराबाहेर कधी ऐकू आलं नाही. सुई गेली. पट्टी लावली. पोर म्हणाली, "झालं." आणि मला वाटलं, आता मी जिन्यातून आत येणार.

सकाळी चादर ओली. सुई वरच्यावर राहिली होती, औषध बाहेर गळलं होतं, पोटावर लाल गांधी. बाथरूममधून ओर्ली बाहेर आली. मी जाऊन बघितलं. साधा पिवळा रंग. ती माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाली, "होतं असं. ईमाचं पण व्हायचं सुरुवातीला. मग ती बाथरूममध्ये नळ सोडून रडायची."

तू रडायचीस? तू मला कधी सांगितलं नाहीस. "झालं, या!" म्हणायचीस, एवढंच मला माहीत. नळाचा आवाज मी ऐकला असेन, वाटलं असेल हात धुतेयस. आता कुणाला विचारू? पोर शाळेत गेल्यावर मी जिन्यात जाऊन बसलो आणि तू गेल्यापासून पहिल्यांदा मोठ्याने रडलो. मोरोक्कन शेजारीण वरून खाली आली, पायरीवर माझ्याशेजारी बसली आणि थोड्या वेळाने वर निघून गेली.

त्या संध्याकाळी पुन्हा. मलम, खुर्ची, चहा, कुत्रा, शाळा. या वेळी चिमटी नीट धरली. पोर म्हणाली, "अबा, श्वास घे." सुई अशी गेली, की तिला कळलंही नाही. मी ती आत जाताना बघितली, शुलू. डोळे मिटले नाहीत.

सकाळी मी स्वयंपाकघरात होतो. बाथरूमचं दार उघडलं आणि ओर्ली सगळ्या जिन्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "अबा! निघालं!" मग थांबली. "येश" म्हणायचं कुणी, हे आम्हा दोघांनाही कळेना. तिची ओळ ती, पण तुझी ओळ तिने म्हटली होती. मी धावत गेलो. रंग कोऱ्या चहासारखा, लालसर, तू मला हात धरून दाखवायला न्यायचीस तसाच. मी म्हणालो, "येश." आवाज फाटका निघाला. पोर हसली आणि मग माझ्या पोटात तोंड खुपसून खूप वेळ रडली. मीही. बाथरूमच्या दारात, त्या रंगासमोर उभे राहून.

तेव्हा मला तुझं म्हणणं कळलं. तू दहादा सांगितलेलं, मी दहादा खोडलेलं. तुझ्या रोजच्या "निघालं"मध्ये नवस रोज फेडला जात होता, आणि मी तो पुरा व्हायची वाट बघत पेपर वाचत होतो. माझ्या हाताने एकदा सुई गेल्याशिवाय हे माझ्या डोक्यात शिरणार नव्हतं, मी तसाच माणूस आहे. पण त्यासाठी तू जायची काय गरज होती?

महिन्याची प्रार्थना झाल्यावर मी फॅक्टरीत सुट्टी मागितली. रक्ताचा दिवस नुकताच होऊन गेला होता, पोरीचे गाल लाल होते. मलिदा मी केला, आईने सांगितलं तसा. पोहे जास्त भिजले, गोळे झाले. तू बघितलं असतंस तर डोक्याला हात लावला असतास. पंप, सुया, मलम बॅगेत घेतलं, चहाचा थर्मासही. बेरशेवाला बस बदलली, मग लांबचा प्रवास. ओर्लीला मी खिडकीपाशी बसवलं. हैफा जवळ आलं आणि एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला समुद्र. अगदी शेजारीशेजारी, शुलू. तुला कुणीतरी खरं तेच सांगितलं होतं. पोर काचेला नाक लावून बसली होती. म्हणाली, "ईमाच्या गावासारखं?" मी तुझं गाव कधी बघितलं नाही. म्हणालो, "हो, तसंच."

गुहेत फार गर्दी नव्हती. बाहेर कट्ट्यावर आम्ही फळं मांडली, मलिदा ठेवला, प्रार्थना म्हटली. आमचं मराठी ऐकून एक म्हातारी बाई जवळ आली, तिथलीच, आपल्यातली. "कसला नवस, बाबा?"

"पोर बरी व्हावी म्हणून."

"झाली बरी?"

ओर्ली पायऱ्या चढून वर गेली होती आणि कठड्यावरून समुद्राकडे बघत होती. वाऱ्याने तिचा शर्ट उडत होता आणि पोटावरची कालची पट्टी दिसत होती.

"हो," मी म्हणालो. "बरी आहे."

पोरीने ऐकलं. धावत खाली आली. "अबा, संध्याकाळी पार्पार आहे ना मला?"

"आहे."

"मग?"

"मग काही नाही. आहे."

म्हातारीने मलिद्याची चव घेतली, पोहे फार भिजलेत म्हणाली, आणि आशीर्वाद देऊन गेली. मी उरलेला मलिदा कागदी बश्यांत वाढला. आजूबाजूच्या लोकांना दिला, मग आमच्यासाठी वाढला, आणि ओर्लीने बोट दाखवलं. मी तीन बश्या वाढल्या होत्या.

आम्ही खाली समुद्राजवळ जाऊन बसलो. दोन बश्या संपल्या. तिसरी आमच्या मधे होती. पाणी तुझ्या आवडीचं होतं, म्हणजे असावं, मला कधी विचारायचं सुचलं नाही. पोरीने विचारलं, "ईमाचा वाटा कोण खाणार?"

मी बशी उचलली. म्हणालो, "अर्धा तुझा, अर्धा माझा."